घरमालकीणबाईंचे आलुबुखार

आमच्या घरमालकीणबाईंना 'हे करू नका' असं सांगून खरोखर थांबवू शकलेला माणूस अख्ख्या केंब्रिजमध्ये सापडणार नाही. उरलेल्या कॅनडाचं मला नक्की सांगता येत नाही. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहतो आणि इथल्या कॉलेजात शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसांविषयी लिहिताना हात जरा अडखळतो. पण बाईंविषयी कुणीतरी लिहायला हवं असं वाटतं. त्या मूळच्या पोलंडच्या. इथल्या मोटारींच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म गाड्यांना दारं बसवली. अजूनही कुणाच्या गाडीतून उतरल्या की दार दोनदा लावून बघतात आणि मालकाकडे कीव आल्यासारखं पाहतात. डॉक्टरांनी बर्फ शोव्हल करायला बंदी केली, म्हणून मागच्या वर्षी मी फावडं बेसमेंटमध्ये लपवलं, तर त्यांनी केक भाजायच्या पत्र्यानं पायऱ्या साफ केल्या. डॉक्टरांनी साखर बंद केली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांचं वय विचारलं. "माझ्या फ्रिजपेक्षा लहान आहे तो," असं घरी येऊन मला म्हणाल्या आणि मधाची बरणी उघडायला घेतली.

पण त्यांचा खरा हट्ट पाहायचा तर डिसेंबरात. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यात उपवासाचं जेवण असतं. उपवास म्हटल्यावर मला बरं वाटलं, काहीतरी ओळखीचं. मग कळलं की मांस वर्ज्य, बाकी बारा पदार्थ: बिटाचं सार, मासा, मश्रूम, कोबी आणि कितीतरी. मी म्हटलं, आमच्याकडे उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी करतात. "बस?" त्यांनी विचारलं. "म्हणजे तुम्ही खरंच उपाशी राहता."

या बारांत बाईंचा जीव सुक्या फळांवर. सुके आलुबुखार, नासपती आणि सफरचंदाच्या चकत्या लवंग-दालचिनीबरोबर उकळून त्या एक पेय करतात, आणि त्याला धुराचा वास यायलाच हवा. दुकानातल्या फळांना तो येत नाही, म्हणून नोव्हेंबरात त्या मागच्या अंगणात बार्बेक्यूवर झाकण ठेवून फळांना दिवसभर धुरी देतात. यंदा शेजाऱ्यांनी घाबरून अग्निशमन दलाला फोन केला. हेल्मेटवाले चार आडदांड जवान दारात आले. बाईंनी त्यांना बूट काढायला लावले, घरातून चालवत अंगणात नेलं आणि झाकण उचलून दाखवलं. "ही आग नाही, हा स्वयंपाक आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या प्रमुखाच्या तोंडात एक नासपती कोंबली. तो मोज्यांवर उभा राहून मुकाट्यानं चघळत होता. सुक्या फळांचा दुसरा पदार्थ म्हणजे शिजवलेले गहू, वाटलेली खसखस, मध, बेदाणे आणि जर्दाळू. मी म्हटलं, ही तर आमची गव्हाची खीर. "ही आमची आहे," त्या म्हणाल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यावरून हाक आली, "तुमच्या खिरीत खोबरं घालतात का रे?"

अग्निशमन दलाची बातमी मिसिसागाला त्यांच्या मुलापर्यंत पोचली, आणि तिथून गोष्ट गंभीर झाली. तो पन्नाशीचा, सज्जन, विमानतळाजवळ नोकरी करणारा माणूस. तो आला आणि स्वयंपाकघरात उभ्यानंच म्हणाला, "आई, पुरे आता. घर विकू. माझ्याच बिल्डिंगमध्ये तुला कंडो बघतो. जेवणही यंदा बाहेरून मागवू."

"मी मेल्यावर मागव," बाई म्हणाल्या.

बराच वाद झाला. शेवटी तो दमून म्हणाला, "बरं. यंदाचे बाराही पदार्थ तू एकटीनं, तुझ्या हातानं कर. केलेस तर वर्षभर कंडोचं नाव काढणार नाही."

"बूट घालून स्वयंपाकघरात उभा आहेस," बाई म्हणाल्या. हाच त्यांचा होकार.

मुलाला एक गोष्ट माहीत नव्हती. बाईंच्या बोटांचे सांधे सुजले होते. मधाची बरणी त्यांच्याकडून उघडायची नाही. कंपनीनं झाकणं बदलली म्हणायच्या. मुलगा असेपर्यंत दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मला वर बोलावलं. अकरा पदार्थ कसेबसे झाले होते. उरल्या होत्या आलुबुखाराच्या पिएरोगी, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या करंज्याच. त्यांच्या चिमटीत कडच धरली जात नव्हती.

"तू भाडेकरू आहेस," त्या म्हणाल्या, "पण आज माझी बोटं आहेस. कुणाला बोलायचं नाही."

त्यांच्या पद्धतीनं मी कड नुसती दाबली, तर पहिल्या चार पाण्यात उघडल्या आणि आलुबुखार बाहेर आले. माझी आई बार्शीला दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. करंज्यांना मुरड घालायला मी शाळेपासून तिच्या शेजारी बसायचो. आता हात आपोआप तिकडेच वळला. बाईंनी उकळत्या पाण्यात डोकावून पाहिलं. "उघडत नाहीत ना? मग बोलू नकोस, कर." आम्ही दोघंही इतके खूश होतो की पुढचं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी मुलगा, सून आणि नात आली. बाईंनी मलाही बसवलं. नात धुरकट पेय हुंगून म्हणाली, "स्मेल्स लाइक कॅम्पिंग." "मग तंबूत बसून पी," बाई म्हणाल्या. सगळे हसले. मग पिएरोगी आल्या. मुलानं एक काट्यावर उचलली आणि तोंडाशी नेता नेता थांबला. कडेला एकसारखी, दोरीसारखी पिळलेली मुरड होती. पन्नास वर्षं आईच्या हातचं खाल्लेल्या माणसाला ते दिसणारच होतं.

"आई, ह्या कुणी केल्या?"

"मी," बाई म्हणाल्या. "नवी पद्धत आहे. माणसानं शिकत राहावं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. मग त्यानं टेबलावरून हात पुढे केला आणि आईचा हात धरला. एकेका बोटावरून, सांध्यावरून त्याचा अंगठा सावकाश फिरला. बाईंनी थोडा वेळ फिरू दिला. एवढा वेळ कुणाचं काही चालू दिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यांनी हात सोडवून घेतला. "गार होतंय. खा."

त्यानं ती पिएरोगी खाल्ली, आणि आणखी वाढून घेतल्या. कंडोचा विषय त्यानं काढला नाही. तो आपला शब्द पाळेल असं मला वाटतं, वर्षभर तरी. निघताना मात्र तो कोट चढवून कितीतरी वेळ दारात रेंगाळला, आणि बाई त्याला, बर्फ पडतंय, जपून चालव, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.