आईला भूत केलं तेव्हा

माझी पहिली भयपटाची शॉर्टफिल्म ठाण्याच्या एका कॉलेजात दाखवली, तेव्हा भूत आल्यावर सगळा हॉल हसला. त्याच आठवड्यात मी एका इंग्रज दिग्दर्शकाची मुलाखत ऐकली. त्याच्याही पहिल्या भयपटाला लोक हसलेले. कोणी काम देईना, म्हणून दुसरा त्याने घरातच, घरच्यांना घेऊन केला आणि तोच चालला.

वर्तकनगरच्या आमच्या घरी मी आईला म्हटलं, "या वेळी भूत तू."

"अगं, मला अ‍ॅक्टिंग येत नाही."

"करूच नकोस. बाबा गेल्यावर दाराकडे बघत बसायचीस ना, तशी बस."

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "कधी करायचं?"

ठाकुर्लीला मावशीची खोली रिकामी होती. भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून आम्ही अंधार केला. एकच शॉट अकरा वेळा घेतला. आई घामाने भिजली, पण उठली नाही. "नीट होईपर्यंत घे," एवढंच म्हणाली.

ती फिल्म मी हट्टाने त्याच हॉलमध्ये दाखवली. पडद्यावर आई दाराकडे बघत बसली आणि कोणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतली मुलगी मागे वळून हॉलचं दार बघत होती.

आता तिसरी लिहायला घेतलीय.