मुलाणी मॅडमची सही

मुलाणी मॅडम प्रयोग दाखवायच्या आणि टाळ्या वाजवू द्यायच्या नाहीत. ग्लासात पिवळं रसायन, त्यात त्यांनी बनवलेल्या चांदीच्या कणांच्या पाण्याचे चार थेंब, की बघता बघता पाणी नितळ. पोरांचे हात वर जायचे तोच त्या दम भरायच्या, "थांबा रं! ग्लास उद्यापतोर उघडा ठेवा, मग वाजवा." दुसऱ्या दिवशी त्याच ग्लासात तपकिरी पाणी असायचं. पिवळ्याचं दुसरंच रसायन झालेलं असायचं, तेही विषारी. फक्त पहिले काही तास दिसायचं नाही.

सांगलीच्या त्यांच्या कॉलेजात मी गेलो तो भांडायला. पलूसजवळच्या आमच्या गावच्या ओढ्यात रंगाच्या कारखान्याचं पिवळं पाणी येत होतं. विहीर पिवळी पडली, बाया लांबच्या मळ्यातनं पाणी वाहत होत्या. आणि कारखाना सांगत सुटला होता, मुलाणी मॅडमच्या संशोधनानं आता शुद्ध पाणी सोडणार! मी आमच्या संघटनेच्या पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला. त्यात त्यांना 'कारखान्याच्या ताटाखालचं मांजर' म्हटलं होतं. त्यांनी सगळं वाचलं.

"मांजर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण माझे कण काय करतात ते तरी नीट लिही की."

कदंबाचं फूल हातात देऊन त्यांनी समजावलं. मधे प्लास्टिकचा अतिसूक्ष्म गोळा, त्यावर चहूबाजूंनी उगवलेल्या साखळ्यांचे केस, त्या केसांत अडकलेले चांदीचे कण. चांदी मोकळी सोडली तर कण एकमेकांना चिकटतात आणि कामातनं जातात. केस त्यांना वेगवेगळे धरून ठेवतात.

"तुमची एकजूट, आमची फारकत. आमच्यातले एक झाले की निकामी!" उंब्रजच्या बाजारात कल्हई करणाऱ्याची ही लेक. चेष्टा करतानाही चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

मग कारखान्यानं शुद्ध पाण्याचा प्रयोग दाखवायला मंडप घातला. ग्लास नितळ झाला, पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी मॅडमपुढं कागद केला. पाणी सुरक्षित, खाली मॅडमच्या सहीला जागा.

"रंग गेला, एवढं लिहा, करते सही. सुरक्षित कसं लिहू?"

"आवं मॅडम, समोर दिसतंय की!"

"दिसतंय म्हणून तर भ्या वाटतंय."

मला वाटलं, बाई आपली झाली. लगेच आमचं नवं पत्रक नेलं. या पाण्यानं कॅन्सर होतो. खाली सहीला जागा.

"तपासलंस?"

"न्हाई. पण मॅडम..."

"त्यांनी न तपासता चांगलं म्हणायचं, तुमी न तपासता वाईट. मला हिरीचं पाणी तपासू द्या. जे निघंल त्यावर सही करीन, कुणाला का लागंना."

मला संताप आला. आजही येतो. समोरचा पैशानं गाव विकत घेतोय आणि ह्या तराजू धरून बसल्यात! पण पाणी तपासायची परवानगी त्यांनी संस्थेकडं लेखी मागितली, तिचं उत्तर आलं ते बदलीचं. आटपाडी, ज्युनियर कॉलेज. इथल्या प्रयोगशाळेला कुलूप. सही भलत्यानंच केली आणि कारखाना कण घालून नितळ केलेलं पाणी ओढ्यात सोडू लागला. ओढ्यात पातळ होऊन तपकिरीसुद्धा दिसेना. विहीर निवळली. लोक पाणी भरू लागले.

सांगलीच्या स्टँडवर त्यांना सोडायला गेलो तेव्हा म्हणालो, "मोर्चा काढतो."

"काढ. पण आदी घरोघर जा. पत्रक नको, तोंडानं सांग, तपासल्याबिगर पिऊ नका." एसटी हलली तशी खिडकीतनं म्हणाल्या, "आणि कॅन्सर म्हणू नकोस!"

पहिलंच घर सखूआज्जीचं. उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत तिनं तांब्या पुढं केला. "उन्हाचा आलायस लेकरा, पी. आपल्या हिरीचं हाय, कसं निवळशंख झालंय बघ!"

दारात दिलेलं पाणी नाकारणं म्हणजे आमच्याकडं त्या घराशी वैर. मी तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला. आज्जीचा चेहरा पडला.

"का रं? आमचं पाणी चालंना व्हय तुला?"

"तसं न्हाई आज्जी. तपासल्याबिगर पिऊ नका."

"मग तपासा की! कोण नगं म्हणतंय?"

तपासणारीला आटपाडीला पाठवलं होतं. आज्जीनं तांब्या उचलला, माझ्याकडं बघत बघत अर्धा पिऊन टाकला आणि उरलेलं पाणी नातवाला दिलं.