आमच्या शास्त्रशुद्ध घरातला उन्हाळा

सोलापुरात मे महिन्यात विहिरी आटतात, आमच्या घराचे किस्से मात्र वाढतच जातात! दोष घराचा की माझा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमचे ‘हे’ पॉलिटेक्निकात बांधकाम शिकवतात, त्यामुळे घर शास्त्रशुद्ध. आणि आठ महिन्यांची मिनी त्यात दुपारी डोळा मिटेल तर शपथ! अंगभर घामोळं, दिवसभर किरकिर आणि माझ्या जिवाला घोर.

*

घर बांधताना ह्यांनी गवंडी सिद्रामप्पाला नकाशावर समजावलं, “छज्जा एवढाच बाहेर. हिवाळ्यात ऊन आत येईल, उन्हाळ्यात येणार नाही.”

सिद्रामप्पा पान चघळत म्हणाला, “आमचं काय न्हाय, सायेब. पर सूर्याला सांगितलंय न्हवं?”

*

मिनीचा पाळणा उत्तरेच्या खिडकीशी टांगला. “तिथे ऊन येत नाही,” इति हे. मेमधल्या एका संध्याकाळी बघते तर तिरपं ऊन थेट मिनीच्या नाकावर!

ह्यांनी शांतपणे पुस्तक उघडलं. “बरोबर आहे. या दिवसांत सूर्य उत्तरेकडे सरकून मावळतो.”

मी पाळणा हलवला. पुस्तकही!

*

भिंती दीड फुटी, दगडी. “दुपारची उष्णता आत पोचायला आठ तास लागतात,” हे अभिमानाने म्हणाले.

मी बोटांवर तास मोजले. “म्हणजे नेमकी रात्री, मिनीला झोपवायच्या वेळी!”

“पुस्तकात मिनीचा विचार केलेला नाही,” हे म्हणाले.

*

एका दुपारी मिनीचं अंग कढत लागलं. फळीवरचा ताप बघायचा थर्मामीटर तिच्या काखेत लावला. एकशे सात! पोर कडेवर घेऊन अनवाणीच दवाखान्यात धावले.

डॉक्टरांनी त्यांच्या थर्मामीटरने पाहिलं. ताप नव्हताच.

“लावण्याआधी झटकून पारा उतरवला होतात?”

“...नाही.”

“मग बाई, ताप तुमच्या फळीला आलाय!”

मी बी.एस्सी. आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

*

शेजारच्या नरसम्मांकडे हातमाग आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून त्या मागाच्या खोलीत सारखं पाणी शिंपडतात. “तिथे दमट असतं, मिनीला नेऊ नकोस,” अशी ह्यांची ताकीद.

एकदा धुणं वाळत घालून येते तो पाळणा रिकामा! धावत नरसम्मांकडे गेले. माग खटाखट चाललेला आणि शेजारी गोणपाटावर मिनी गाढ झोपलेली!

“लई रडत होती, अम्मा. हाका मारल्या, तुमी ऐकलं न्हाय.”

“त्या दमट खोलीत झोपली? शक्यच नाही,” हे घरी आल्यावर म्हणाले. रविवारी दुपारी मिनीला घेऊन, वही आणि थर्मामीटरसह स्वतःच मोजमाप घ्यायला तिकडे गेले. तास झाला, दोन झाले. चहा निवला. शेवटी मीच बघायला गेले.

नरसम्मा घामाघूम होऊन माग चालवत होत्या. मला दारात पाहताच कुजबुजल्या, “हळू, अम्मा! सूत मगाशीच संपलंय. पण माग थांबला की दोघंबी उठतात!”