वेर्टचा फ्लॅश आणि कोबीची राणी

वेर्ट पोपिंगाने आयुष्यभर जहाजांचे पत्रे वेल्डिंगने जोडले आणि आयुष्यभर फोटोवाल्यांची टर उडवली. त्याचं म्हणणं एकच. बटण दाबायला काय लागतं? एक बोट. ते माकडालाही असतं.

हे तो उब्बोच्या तोंडावर म्हणायचा. उब्बो गोदीत त्याचा मुकादम होता आणि गावातल्या गोळा मंडळाचा फोटोवाला. यंदा उब्बोचे हात थरथरायला लागले. मंडळाच्या बैठकीत त्याने आपला कॅमेरा आणि त्याच्या डोक्यावर बसणारा जुनाट फ्लॅश, दोन्ही वेर्टच्या पुढ्यात सरकवले.

"घे. बोट तुझ्याकडे आहेच."

सगळे खिंकाळले. वेर्टला नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मंडळाचं काम सोपं. पहिला कडक गारठा पडला की एका शनिवारी बांधाच्या रस्त्याने लाकडी गोळा घरंगळवत निघायचं, मागून दारूची हातगाडी ओढायची आणि गोळा दर वेळी खंदकात गेला की त्या दुःखात एकेक पेला मारायचा. शेवटी इम्केच्या खानावळीत पोचायचं. तिथे बटाट्याच्या काट्यावर प्रत्येकाचं वजन व्हायचं. मग कुरळ्या पानांची कोबी आणि तुपकट सॉसेजं, पट्ट्याची भोकं संपेपर्यंत. पुन्हा वजन. ज्याचं सगळ्यांत जास्त वाढलं तो राजा, बाई असेल तर राणी. गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड पडायचं, मंडळासकट फोटो निघायचा आणि खानावळीच्या भिंतीवर लागायचा.

फोटो जबडा गळ्यात असतानाच घ्यायचा. चहा टेबलावर आला की जबडा उतरवायचा, हा नियम. एका वर्षी उब्बोची फिल्म आत अडकलीच नव्हती, आणि त्या सालचा राजा हार्म याची भिंतीवर नुसती रिकामी चौकट लागली, खाली नाव. हार्म जाऊन बरीच वर्षं झाली. चौकट आहे. येणारा जाणारा तिच्याकडे बघून म्हणतो, "हार्म आज बरा दिसतोय."

वेर्टची बायको टाल्के तरुणपणापासून त्या भिंतीच्या मागे लागली होती. गेल्या साली ती फोल्केकडून एका बटाट्याच्या फरकाने हरली. यंदा ती शनिवारच्या आधी गुरुवारपासूनच चहाशिवाय काही घेणार नव्हती.

"यंदा मी," ती म्हणाली. "आणि वेर्ट, मला हार्म व्हायचं नाही."

वेर्टने कॅमेरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. टाल्केला समोर बस म्हणाला तर ती बसेना. जबडा गळ्यात पडायच्या आधी फोटो म्हणजे अपशकुन. शेवटी त्याने बागेतला प्लास्टरचा लाल टोपीवाला बुटका उचलून आणला आणि कपाटापाशी उभा केला.

"डोळे!" वेर्ट ओरडला आणि बटण दाबलं.

बुटका गायब. फोटोत नुसतं पांढरं, जसं कोणी पिठाचं पोतं फोडलंय.

दुसऱ्या दिवशी उब्बो आला. कपातल्या खडीसाखरेवर गरम चहा ओतून घेतला, ती तडकल्याचा आवाज ऐकला, वर साय सोडली आणि मगच तोंड उघडलं.

"कॅमेरा नवा, हा फ्लॅश म्हातारा. दोघांची ओळख नाही. तू कॅमेऱ्याला म्हणालास, सगळं तूच बघ. तो याला विचारतच नाही. आकडे तू ठरवायचे."

"कुठले आकडे?"

"पाठीवर तबकडी आहे. हिरवा पट्टा म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्याच्यासमोर जो आकडा येतो तोच भिंगावर लाव. पुढे हा बारीक डोळा आहे ना, समोरून पुरेसा उजेड परत आला की तो फ्लॅश तोडतो."

"म्हणजे डोकं याला आहे."

"तुझ्यापेक्षा जास्त."

वेर्टने आकडा लावला. आणि स्वतःची अक्कल चालवली. उजेड एवढा जोरात, तर कॅमेऱ्याचा पडदाही जोरात हवा, म्हणून पडद्याचा वेग शेवटच्या टोकाला नेला. "डोळे!" फोटोत बुटका कमरेपर्यंत होता. खाली काळोख.

उब्बोने फोटो बघितला. "पडदा अर्धा उघडलाय तेवढ्यात फ्लॅश पडून गेला. कपाट निम्मं आत घेतलंस आणि दार लावलंस. हळू कर. या फ्लॅशला घाई नाही चालत, तो तुझ्या सासूसारखा आहे."

"ऐकू येतंय मला," मोरीपाशी उभी टाल्के म्हणाली.

वेर्टला चीड आली. चीड आली की तो नीट काम करतो. गोदीत त्याने टाकलेल्या जोडात कधी बुडबुडा निघाला नव्हता. जो निघाला तो दुसऱ्याचा, हे तो शपथेवर सांगतो. रोज सकाळी भांडी व्हायच्या आत बुटका टेबलावर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. जवळून, लांबून. बॅटऱ्या नव्या, बॅटऱ्या जुन्या. एकदा दाबल्यावर फ्लॅश बारीक शिट्टी घालत पुन्हा भरायचा आणि मागचा लाल दिवा लागायचा. दिव्याआधी दाबलं तर काही पडायचं नाही, पडलं तर अर्धपोटी. वेर्टला हे पटलं. उपाशी माणसाकडून तोही काम घ्यायचा नाही.

बुटक्याच्या मागे भिंतीवर मात्र काळी सावली पडायची, जणू मागे पोलीस उभा आहे. उब्बोने फ्लॅशची मान वर वळवली. "छताला मार. उजेड वरून सांडू दे. आणि भिंग जरा उघड, वाट लांबली ना त्याची."

"डोळे!" वेर्ट ओरडला. मोरीपाशी टाल्केने भांडं हातात धरूनच डोळे मिटले, उब्बोने पेल्यात तोंड घालून मिटले, फ्लॅश छतावर पडला.

बुटका असा आला की गाल मऊ दिसायला लागले.

"याचाच लाव भिंतीवर," टाल्के म्हणाली. "माझ्यापेक्षा शहाणा दिसतोय."

शनिवारी मंडळी गारठून, चिखलाने माखून आणि बऱ्यापैकी झिंगून इम्केकडे पोचली. टाल्के काट्यावर चढली, उतरली आणि जेवायला बसली. तिचं जेवण बघायला दोघं आपलं ताट सोडून उभे राहिले. फोल्केने तिसऱ्या ताटाला हार मानली आणि खुर्चीत मागे रेलली. पुन्हा वजन झालं तेव्हा मेनो, जो गोदीत वेर्टच्या शेजारी वेल्डर होता आणि अजूनही शेजारीच बसतो, ओरडला, "झडती घ्या! खिशात गोळा आहे!"

टाल्केने दोन्ही खिसे उलटे केले. एक रुमाल पडला.

"गोळा पोटात आहे," ती म्हणाली. "येतोस काढायला?"

जबडा तिच्या गळ्यात पडला. इम्केने चहाचं आधण चढवलं.

वेर्टने मंडळींना भिंतीपाशी बसवलं. मधे राणी, बाजूला मेनो, फोल्के आणि बाकीचे, सगळे एकेकाळचे गोदीवाले किंवा त्यांच्या बायका. कडेला इम्केचा नवरा कोर्बिनियान. तो बव्हेरियाचा, देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा. लग्न करून इकडे आला, पंप दुरुस्त करतो आणि चहा ढवळून पितो. इथे साय ढवळत नाहीत. त्याला अजून माफी मिळालेली नाही.

वेर्टने फ्लॅशची मान छताकडे वळवली. "डोळे!" फ्लॅश पडला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळे भाजलेल्या वाम माशासारखे तपकिरी. छत शंभर हिवाळ्यांच्या धुराने चहासारखं झालं होतं, आणि छताचा रंग सगळ्यांवर सांडला होता.

"इम्के, पांढरी चादर."

"टेबलाची आहे."

"चालेल."

मेनो खुर्चीवर चढला आणि चादर तुळयांना खिळवली. एक खिळा अंगठ्यात जाता जाता राहिला. इम्के म्हणाली भोकांचे पैसे घेईन. "डोळे!" फ्लॅश. उजेड दुधासारखा सगळ्यांवर उतरला होता. वेर्टने काच डोळ्यांपासून हातभर लांब धरून बघितली. उजेड ठीक, सावली नाही, जबडा चकचकीत. बुटक्याची सगळी मेहनत कामी आली होती. त्याने कॅमेरा ऐटीत टाल्केच्या हातात दिला.

तिने चष्मा लावला.

"वेर्ट, हे सगळे मेलेत."

"काय?"

"डोळे मिटलेत. माझेही. शवागारात कोबी वाटल्यासारखं दिसतंय."

पुन्हा. "डोळे!" पुन्हा सगळे मिटलेले. अजून एकदा. तेच. आत आधण कुजबुजायला लागलं.

"झिंगलेत साले," मेनो म्हणाला. तो स्वतःही मिटलेला होता.

"फ्लॅश जुना आहे," फोल्के म्हणाली. "डोळ्यांत टोचतो."

"छताला मारतोय तो, तुझ्या डोळ्यांत कशाला जाईल?" वेर्टने पुन्हा काच बघितली आणि जिथे बघायला हवं होतं तिथे पहिल्यांदाच नीट बघितलं. कडेला बव्हेरियन. चारही फोटोंत त्याचे डोळे बैलासारखे उघडे.

"हा का जागा आहे?"

"चहाची वाट बघतोय, ढवळायला," मेनो म्हणाला.

कोर्बिनियानने खांदे उडवले. "मी तेच विचारणार होतो. हा डोळे म्हणून ओरडतो आणि तुम्ही सगळे झपकन मिटता. आमच्याकडे फोटोला डोळे म्हटलं की उघडतात."

मग कोपऱ्यात बसलेला उब्बो हसायला लागला, इतका की हातातला पेला सांडला.

गोदीत ठिणगी लावायच्या आधी वेल्डर ओरडतो, डोळे! शेजारचे मिटतात. न मिटले तर रात्रभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. वेर्ट अडतीस वर्षं ओरडला, ही मंडळी अडतीस वर्षं मिटत आली. घरामागच्या शेडमध्ये तो फाटक जोडायला बसला की टाल्केही मिटत आली. एकट्या बुटक्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"मग ओरडू नकोस, गाढवा!" टाल्के म्हणाली.

वेर्टने ओठ दाबून धरले. बोट बटणावर ठेवलं. बोट हलेना. त्याने नुसता श्वास घेतला, तर समोर सगळ्यांनी डोळे मिटले.

"श्वाससुद्धा ओळखतात," उब्बो म्हणाला. "मीच शिकवलंय त्यांना."

आत आधणाला उकळी फुटली. इम्के दारात येऊन म्हणाली, "चहाची पत्ती टाकतेय हं मी."

टाल्केने एकदा वर हार्मच्या चौकटीकडे बघितलं. ओरडली नाही. तेच वेर्टला जास्त लागलं.

त्याने कॅमेरा खाली घेतला. विचार केला. ठिणगी विझली की माणसं काय करतात? डोळे उघडतात आणि जोड बघायला वाकतात. ओरडल्यानंतर काही पडलंच नाही, तर आणखी लवकर वाकतात, काय बिघडलं म्हणून. त्याने लाल दिवा लागू दिला. पाय रोवले.

"डोळे!"

सगळ्यांनी मिटले. वेर्टने बटण दाबलं नाही. आतून झाकण खडखडल्याचा आवाज आला. त्याला स्वतःचे डोळे मिटू न देणं हे त्या दिवसातलं सगळ्यांत कष्टाचं काम होतं. पापण्या बोटांनी धराव्यात असं त्याला वाटलं.

पहिला मेनोचा एक डोळा उघडला. मग फोल्केचे. मग टाल्के पुढे झुकली, जबडा छातीवर आपटला, आणि तिने वेर्टकडे बोट रोखलं.

"आता काय झालं, मेल्या? बॅटरी संप–"

फ्लॅश पडला.

इम्के चहाची किटली घेऊन आली तेव्हा टाल्के काच नाकाला लावून बघत होती. तोंड उघडं, बोट पुढे, गळ्यात डुकराचा जबडा. तिचा स्वतःचा जबडाही त्याच्याइतकाच उघडा. मागे मेनो हसतोय, फोल्के घाबरलीय. सगळे जिवंत. फक्त कोर्बिनियानने तेवढ्यात मिटले होते. म्हणे, आता इथलं शिकतोय.

"दुसरा काढू?" वेर्टने विचारलं. त्याचा आवाज जरा बारीक होता. "चहा अजून टेबलावर ठेवला नाहीये तिने."

टाल्केने जबडा गळ्यातून काढला आणि किटलीशेजारी ठेवला.

"डोळे उघडे आहेत ना? झालं तर."

भिंतीवर ती हार्मच्या शेजारी लागली आहे. वर्षानुवर्षांचे राजे पोटावर हात ठेवून गंभीर बसलेत आणि मधेच ही बाई कोणावर तरी तुटून पडली आहे. नवखा माणूस विचारतोच, ही कोणावर ओरडतेय? तेव्हा वेर्ट आपला चहा पीत राहतो. उब्बो मात्र सांगतो, हौसेने, आणि शेवटी वेर्टचं बोट वर करून दाखवतो.

"हे बघा. माकडालाही असतं."