स्खेल्डेच्या वळणावर ओदिल

ओदिल फर्मासनची उमेदीची वर्षे गेंट शहराच्या गोदीत वेल्डिंग करण्यात गेली आणि त्या वर्षांनी त्याचे अर्धे कान नेले. उरलेल्या कानांत त्याने फिंच पक्ष्याच्या गाण्यापुरती जागा राखून ठेवली होती. रविवारी सकाळी आम्ही फिंचवाले गाण्याच्या शर्यतीसाठी रस्त्याच्या कडेला रांगेने बसतो. प्रत्येकापुढे लाकडी पेटी, पेटीत पक्षी. पक्षी पूर्ण गायला की शेजाऱ्याने काठीवर खडूची रेघ ओढायची. शेवटचा ठसका, म्हणजे अखेरचा तो झटकेबाज सूर, गाळलेले गाणे कितीही गोड असले, तरी त्याला रेघ मिळत नाही.

पत्नी आख्नेस वारल्यावर ओदिल ट्रामच्या वळणावरच्या इमारतीत राहायला आला आणि त्याच वसंतात त्याचा पक्षी शेवट गाळू लागला. आमचा अध्यक्ष कामिल आडपडदा ठेवणाऱ्यांपैकी नव्हे.

"ओदिल, तुझं पाखरू अर्धवट गातंय. बाकीच्या पाखरांनी ते उचललं तर सगळी रांग बिघडेल."

"ट्रामचा खडखडाट आहे रे दिवसभर. त्याचा काय दोष?"

"दोष कुणाचाही असो. येत्या रविवारी सुधारलं नाही, तर तू आपला घरी बस."

घरी ओदिलचे कोणीच नव्हते. आठवड्यातून माणसे भेटत ती त्या रांगेतच.

पेटी सायकलला बांधून तो शांतता शोधू लागला. कालव्यावर पर्यटकांच्या बोटींचे भोंगे होते, उद्यानात गवत कापण्याची यंत्रे होती. अखेरीस बंद पडलेल्या सूतगिरणीमागे, झुडपांतून वाट काढत तो स्खेल्डे नदीच्या एका वळणावर पोहोचला. तेथे पाणी संथ होते आणि शहर जणू दूर कुठेतरी राहिले होते. काठावर विविना नावाची निवृत्त टपालवाली गळ टाकून बसली होती.

"इथे कुणी येत नाही," ती मागे न वळता म्हणाली.

"म्हणूनच तर आलो."

"मी ते तुम्हाला बजावण्यासाठी म्हटलं होतं."

"मला काही नको हो बाई. पक्ष्याला शांतता हवीय."

"मग बसा. पण तिकडे, त्या विलोच्या झाडापलीकडे."

तो बसला. पक्षी गायला, पण अर्धवटच. दुसऱ्या दिवशीही तेच. ओदिल पेटीवर ओणवा होऊन विनवू लागला, "चल रे राजा, घे शेवट. आख्नेसला कसा ऐकवायचास? हां, शाब्बास!"

विविनाने गळ खाली ठेवला.

"अहो, घरीही असंच बोलता त्याच्याशी?"

"मग कुणाशी बोलू? सकाळी उठल्यापासून तोच असतो समोर."

"त्याचं गाणं संपत आलं की तुम्ही 'शाब्बास' म्हणता. बिचाऱ्यानं शेवट घुसवायचा कुठे?"

"मी तर हळू बोलतो."

"तुम्ही? पलीकडच्या काठावरची बदकं उडाली आत्ता!"

ओदिलने पुष्कळ दिवसांत न केलेली गोष्ट केली: तो गप्प बसला. पत्नी गेल्यानंतरचे ते रिकामे घर तो आपल्याच आवाजाने भरत आला होता, आणि तो आवाज थांबवणे म्हणजे त्या घराला सामोरे जाणे होते. परंतु येथे मौन पाळणारी आणखी एक व्यक्ती शेजारी होती, आणि म्हणून ते साधले. पाणी वाहत राहिले. मग पक्षी गायला, आणि शेवटी ठसका स्वच्छ उमटला. थोड्या वेळाने पुन्हा उमटला.

रविवारी त्याच्या शेजारी मी होतो आणि रेघा ओढता ओढता माझा खडू झिजून गेला. ओदिल ओठ मिटून बसलेला पाहून कामिलने काळजीने विचारले, "बरं नाही का रे?" पक्षी दमून थांबल्यावर ओदिलने मला ही सारी हकिगत सांगितली.

"त्या बाईचे आभार मानलेस की नाही?" मी विचारले.

"मानणार कसे? तोंड उघडलं असतं तर पाखरू थांबलं असतं. माझ्या लोणी-पावातला अर्धा तिच्या गळाच्या सामानाच्या डब्यावर ठेवला."

"मग?"

"खाल्ला तिनं. मग मीही खाल्ला. उद्या जायचंय परत, पाव जरा जास्त घेऊन."