न चाखलेला द्राक्षारस

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला ही साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते, लिहून द्यायला सांगितली तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. साक्ष या प्रकारावर माझा विश्वास उरलेला नव्हता. का ते पुढे येईलच. ते म्हणाले, "बाई, गोड करून लिहू नका, झालं तसं लिहा." म्हणून लिहिते. ज्यांना शेवटी सगळं छान झालेलं वाचायला आवडतं त्यांनी इथेच थांबावं.

मी वाशीच्या मार्केटमध्ये सुकामेव्याच्या एका गाळ्यावर बिलं करते. राहायला कामोठ्याला. आमच्या मंडळीला स्वतःचं देऊळ नाही, एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत प्रत्येकाने भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घ्यायचा, आणि तो द्राक्षारस कित्येक वर्षं मीच करते. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर उकळायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या, लागेल तशी साखर घालायची. गाळ्यावरून मनुका चांगल्या मिळतात म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि मी ते कधी चुकवलं नाही म्हणून माझ्याकडेच राहिलं. रविवारच्या शब्बाथ शाळेत मुलांकडून मी दरवर्षी पाठ करून घ्यायचे की माणूस देवापुढे आपल्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही, विश्वासाने ठरतो. जो अडखळेल त्याला पुन्हा म्हणायला लावायचे. मी स्वतः कधी अडखळले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचे मिस्टर कुणाच्या तरी घरी भरलेल्या प्रार्थनासभेहून परत येत होते. ते रबाळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. शमुवेल म्हणून मंडळीतलेच एक गृहस्थ, मिस्टरांचे जुने मित्र, म्हणाले, चला, स्कूटरवर सोडतो. वाटेत शमुवेलांचा फोन वाजला आणि त्यांनी तो चालत्या गाडीवर घेतला. गाडी दुभाजकावर गेली. शमुवेलांच्या कोपराला खरचटलं. मिस्टरांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

हे अपघात म्हणून मी सोसलं असतं असं मला वाटतं. पण पुढच्या रविवारी शमुवेल साक्ष द्यायला उभे राहिले. मी हॉस्पिटलात डबा घेऊन जायच्या आधी पाच मिनिटं प्रार्थनेला टेकावं म्हणून आले होते, डबा हातात धरून दाराशीच उभी होते. शमुवेल म्हणाले की प्रभूच्या दूतांनी मला अलगद उचलून बाजूला ठेवलं, माझ्या केसालाही धक्का लागू दिला नाही. मंडळी हालेलुया म्हणाली. फोनचा उल्लेख नाही. मागे बसलेल्या माणसाचाही नाही. मला एवढंच विचारायचं होतं की दूतांना त्या गाडीवरचा दुसरा माणूस दिसला नाही का? पण डबा गार होत होता. मी निघाले.

मिस्टरांनी त्यांना माफ करून टाकलं. हॉस्पिटलात शमुवेल भेटायला आले, पलंगाशी बसून रडले, आणि हे त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला पाहवलं नाही. घरी आल्यावर मी चिडले की मलाच चिडवायचे, "अगं, पाय माझा गेला. राग तू का सांभाळत बसलीस?" मी म्हणायचे, "कुणीतरी सांभाळायला हवा ना. तुम्ही तर माफी वाटून मोकळे झालात."

त्यानंतर मी प्रभुभोजन घेणं बंद केलं. हट्ट म्हणून नाही, प्रामाणिकपणा म्हणून. मनात मंडळीतल्या भावाविषयी राग ठेवून त्या मेजापाशी जाऊ नये, अयोग्य रीतीने खाऊ-पिऊ नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मला राग होता, तो जात नव्हता, आणि तो गेला असं नाटक करायची माझी तयारी नव्हती. पाळकसाहेबांना मी जाऊन सांगितलं की माझं मन स्वच्छ नाही, मी घेणार नाही. ते म्हणाले, "मग कधी होणार स्वच्छ?" मी म्हटलं, "झालं की कळवीन." द्राक्षारस करणं मात्र चालू ठेवलं, कारण काम ते काम. फक्त एक नियम स्वतःला घालून घेतला. जे प्यायचं नाही ते चाखायचंही नाही. पातेल्यातला थेंबसुद्धा मी जिभेला लावला नाही. साखर अंदाजाने. बाटल्या भरायच्या, हॉलमध्ये न्यायच्या, छोटे पेले भरून द्यायचे आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं. लोक पुढे जाऊन गुडघे टेकायचे, शमुवेलही जायचे. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसायचे. खरं सांगायचं तर त्या बाकावर मला बरं वाटायचं. सगळ्या हॉलमध्ये खोटं न बोलणारी मी एकटीच आहे असं वाटायचं.

घरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. मिस्टरांची नोकरी गेली. कृत्रिम पाय मिळाला, पण तो घासून जखम व्हायची, रोज सकाळी ड्रेसिंग. त्यातच ते मधुमेही, त्यामुळे जखम भरायला वेळ. मी मनुका गॅसवर ठेवून आतल्या खोलीत पट्टी बदलायला जायचे. कधी जखमेतून रक्त यायचं, कधी हे दुखण्याने कळवळायचे, मी तिथेच अडकायचे. परत आले की पातेलं खाली लागलेलं असायचं. वास यायचा. वरवरचं गाळून घेतलं की काही होत नाही, असं मी धरून चालले होते. देवाशी माझं बोलणं त्या काळात जवळजवळ बंदच होतं. एकच वाक्य मी त्याला ऐकवायचे: मी सगळं नीट केलं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका पहिल्या रविवारी मी नेहमीसारखी शेवटच्या बाकावर बसले तर शेजारी एक म्हातारी. जालन्याकडची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला भाचीकडे आलेली, एका डोळ्यावर पट्टी. भाची गायनमंडळात पुढे बसली होती आणि म्हातारीला माझ्याजवळ ठेवून गेली होती. कानानेही कमी. उपदेश चालू असताना ती मोठ्याने विचारायची, "काय म्हणला गं?" आणि मी सांगितलं की म्हणायची, "हां, ते ठावं हाय."

मेजावरचं फडकं काढून प्रभुभोजन सुरू झाल्यावर लोक उठू लागले. म्हातारीने माझं मनगट पकडलं. "बाई, फुडं घिऊन चल. मला दिसंना."

मी तिच्या कानाशी म्हटलं, "आजी, मी घेत नाही. तुमच्या भाचीला बोलावते."

"का? उपास हाय का तुझा?"

"नाही. मन स्वच्छ नाही माझं."

हे तिला ऐकू गेलं की नाही मला आजही माहीत नाही. ती म्हणाली, "बरं बरं, चल आता, समदे घिऊन ऱ्हायले." आणि उठूनच उभी राहिली. पडली असती. मला तिला धरावंच लागलं. मंडळी बघत होती. मी ठरवलं की तिला पुढे पोचवायचं आणि बाजूला व्हायचं. पण मेजापुढच्या चटईपाशी आल्यावर तिला एकटीला गुडघे टेकता येईनात. माझा हात ती सोडेना. मी तिच्या वजनाने खाली गेले. दुसऱ्या बाजूने कुणीतरी तिचा दंड धरून तिला हळूच टेकवलं. मी पाहिलं तर शमुवेल.

आमच्या दोघांच्या मध्ये ती म्हातारी. तिचा एक हात माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. उठून जायचं म्हणजे तिला पाडायचं. मी डोळे मिटून घेतले. मन काही बदललं नव्हतं. शमुवेलांचा मला त्या क्षणी तितकाच राग होता, उलट जरा जास्तच. एवढ्यात पाळकसाहेब ओळीतून आले आणि माझ्या मोकळ्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. त्यांनी विचारलं नाही, मी कळवलं नाही. तुकडा हातावर होता. मी खाल्ला. मग पेला आला. मी प्यायले.

म्हातारी माझ्याआधीच प्यायली होती. भरल्या हॉलमध्ये, सगळे मान खाली घालून असताना तिने मोठ्याने म्हटलं, "अगं बाई, लई कडू हाय की! कुणी केलंय?"

आणि खरोखरच तो कडू होता. करपलेला. वरवर साखरेची गोडी आणि खाली घशाला चिकटणारा कडवटपणा. मी घोट तोंडात धरून तशीच राहिले. असाच द्राक्षारस ही माणसं वर्षाहून जास्त काळ पीत होती. म्हातारी माणसं, नवे बाप्तिस्मा घेतलेले, पाळकसाहेब, मिस्टर, शमुवेल. दर महिन्याला गुडघे टेकून, तोंड वाकडं न करता, आमेन म्हणून. माझ्या घरचं काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीही एका शब्दाने बोललं नव्हतं. आणि मी मागच्या बाकावर बसून समजत होते की सोसणारी मी एकटी आहे.

मला त्या वेळी रडू आलं नाही. लाज वाटली, चांगलीच. शमुवेल पुटपुटले, "हळू, ताई," आणि आम्ही दोघांनी मिळून म्हातारीला उभं केलं. नंतर मी पेले धूत होते तिथे ते आले. "ताई, ती साक्ष... मी तसं बोलायला नको होतं. फोन—"

"राहू द्या," मी म्हटलं. "तो ट्रे इकडे आणा."

घरी आल्यावर मिस्टरांना विचारलं, कडू लागत होतं तर सांगितलं का नाही? ते पाय काढून ठेवत म्हणाले, "सांगितलं असतं तर तू करायचं सोडलं असतंस. आधीच पीत नव्हतीस. तेवढा एकच धागा उरलेला होता तुझा, तो मी तोडू?" मग पाय भिंतीशी टेकवून, "बाकी औषधासारखं लागायचं. माझी साखर उतरली त्यानं."

मुलांकडून जे पाठ करून घ्यायचे त्याचा अर्थ मला या वयात कळला. नीतिमान व्हायचं आणि मग त्या मेजापाशी जायचं, असा माझा हिशेब होता. राग जाईल, मन धुतलं जाईल, मग मी देवाला कळवीन. तसा दिवस आला नसता. मी त्या शेवटच्या बाकावर, अगदी प्रामाणिकपणे, मरून गेले असते. शमुवेल चूक होते, मी बरोबर होते, आजही मी त्यातलं एक अक्षर मागे घेत नाही. पण देवापुढे उभं राहायला तेवढं पुरत नाही. तिथे मला माझं बरोबर असणं उपयोगी पडलं नाही. एका आंधळ्या-बहिऱ्या म्हातारीने ओढत नेलं, आणि ज्या माणसाचं तोंड बघायचं नव्हतं त्याच्याच ओळीत बसवून, न मागता भाकर हातावर ठेवली गेली. देवाने मला स्वीकारलं ते मी तयार झाले म्हणून नाही. तो थांबला असता तर मीच कधी आले नसते.

ती म्हातारी पुन्हा आली नाही, पट्टी निघाल्यावर गावी गेली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. तिच्यासाठी मी रोज देवाचे आभार मानते.

राग गेला का, असं लोक विचारतात. नाही. मिस्टर जिना उतरताना कठडा धरतात तेव्हा दर पायरीला तो येतो. आता मी तो घेऊनच पुढे जाते आणि गुडघे टेकते.

गेल्या महिन्यात मनुका उकळत होत्या तेव्हा शमुवेल मिस्टरांना भेटायला आले. मी गॅसपाशी उभी होते, या वेळी जागची हलले नव्हते. चमचा भरून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "साक्ष द्यायची नाही. फक्त चव सांगायची."

त्यांनी चाखलं. माझ्याकडे बघितलं.

"थोडं कडू आहे, ताई."

मी चाखलं. होतं. जागची न हलताही तळ लागला होता. पातेलं उतरवून ओतून दिलं, आणि दुसऱ्या मनुका भिजत घातल्या.