बिशनोदेवींचं गाळलेलं कडवं

तिची मान एका बाजूला कलली आणि मांडीवरची परात खाली सरकली. मी आधी परात धरली. भाजी निवडता निवडता तिला डुलकी लागायची, तशीच लागली असं मला वाटलं. मग हाक मारली, खांदा हलवला, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. तिला फरशीवर निजवलं, खिडकीतून रखवालदाराला ओरडून वर बोलावलं, तिच्या सुनेला फोन केला. अॅम्ब्युलन्सची मुलं आली, तिची छाती दाबत राहिली. मग त्यातला एक उठून उभा राहिला आणि त्याने हातमोजे काढले... तेव्हा मला कळलं.

तिचं नाव बिशनोदेवी. डोगरी ही जम्मूकडची भाषा, आणि त्या भाषेत कविता करून स्वतःच्या नावाने छापणाऱ्या पहिल्या बायकांपैकी ती एक. हे मला बरंच उशिरा कळलं. मी देवरुखकडची, चौथीपर्यंत शिकलेली. माझा मुलगा एसी दुरुस्तीच्या कामासाठी बहारीनला आला, आमचे हे गेल्यावर त्याने मलाही आणलं. उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये ती राहायची. तिचा मुलगा अशोक बँकेत, सून शाळेत शिकवायला. सकाळी दोन्ही घरं रिकामी व्हायची आणि आम्ही दोघी उरायचो.

ओळख झाली ती भांडणाने. नातवाला झोपवताना मी ओवी म्हणत होते, दार उघडंच होतं. एक उंच म्हातारी सलवार-कमीज घालून दारात उभी. नाव नाही, गाव नाही, पहिलाच प्रश्न, "ये किसने बनाया?"

मी म्हटलं, "बनाया काय? आईची ओवी आहे. जात्यावर म्हणायची."

"तो माँ ने बनाया?"

"ओवी कोणी बनवत नाही. ती असते."

"अच्छा. आसमान से गिरी?"

मी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती राजमा घेऊन आली आणि तोच प्रश्न घेऊन आली. माझं हिंदी मोडकं, तिला मराठी येत नव्हतं, पण ती सोडेना. शेवटी मी विचार करायला लागले. त्या ओवीत आमच्या गावच्या पऱ्ह्याचं, म्हणजे ओढ्याचं, नाव आहे, माझ्या मामाचं नाव आहे. मग दुसऱ्या कुणी कशी केली असेल? आईनेच केली असणार. एवढं आयुष्य ती ओवी म्हणत आले आणि हे कधी मनात आलं नाही, याचं मलाच नवल वाटलं. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "माँ का नाम?" मी विचारलं, "माहेरचं की सासरचं?" त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचीही दोन नावं होती. पुस्तकावर तिने माहेरचं छापलं, आणि सासरे मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

मग प्रश्न विचारायची पाळी माझी. घरात एवढी माणसं, गुरं, स्वयंपाक, ही कविता करायची कधी? तिने सांगितलं, गुरांना पाण्यावर नेताना. मनात जुळवायची, परत येईपर्यंत घोकायची. नणंद शाळेत जायची, तिला लाडूची लाच देऊन उतरवून घ्यायची. पुढे स्वतः लिहायला शिकली. पहिल्यांदा कविसंमेलनात नाव पुकारलं तेव्हा लोक तिच्या नवऱ्याकडे बघायला लागले, कारण बाई कविता वाचेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नवरा बसूनच राहिला, ही उठली. मी विचारलं, "डोक्यावरून ओढणी होती?" म्हणाली, "थी. पर मुँह तो खुला था!"

तिचं एक गाणं होतं, सासरी निघालेल्या मुलीचं. रेडिओवर ते कुणीतरी गायलं आणि तिचं नाव सांगितलं नाही. तिथून ते बायकांच्या तोंडी गेलं, लग्नालग्नांत पोचलं आणि लोकगीत झालं. जाता जाता शेवटचं कडवं गळून पडलं. त्यात ती मुलगी म्हणते, मी जाते म्हणून रडत नाही, 'मिगी कुसै नेईं पुच्छेआ', मला कोणी विचारलं नाही म्हणून रडते. लग्नघरात असं कोण म्हणणार? म्हणून बायकांनी ते गाळलं. तिला हे फार लागलं होतं. नाव गेलं ते एकवेळ चालेल म्हणायची, पण कडवं का काढलं? त्या कडव्यासाठी तर गाणं केलं होतं.

गेल्या हिवाळ्यात इथेच, जनाबियाला, जम्मूच्या एका घरात लग्न निघालं. मेंदीच्या दुपारी ती मला सोबत घेऊन गेली. ढोलकी सुरू झाली आणि मुलीच्या मावशीने जाहीर केलं, "अब हमारा पुराना लोकगीत!" तेच गाणं. बिशनो हातातला चहा धरून नुसती बसली. मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "ये गाना इसका है."

मावशी हसली. "आंटी जी, ये तो हमारी नानी भी गाती थी."

"मग काय झालं? ही तुमच्या नानीच्याच वयाची आहे. विचारो इसको."

बिशनोने मला असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला. पण गाणं संपल्यावर तिने ढोलकीवर हात ठेवला, ती थांबवली, आणि ते कडवं म्हटलं. आवाज काही गोड नव्हता, चिरकाच होता. मुलीची आई म्हणाली, "बीजी, शगुन के दिन ये नहीं." नवरी मात्र मेंदीचे हात वर धरून पुढे सरकली. "किसका है ये?"

"मेरा. बिशनो का."

"पर मुझे तो पूछा था, बीजी."

"तो तू मत गा. मैं गाती हूँ." आणि तिने ते पुन्हा म्हटलं.

परतताना गाडीत अशोक चिडलेला. लोकांचं कार्य होतं, अम्मा, काय गरज होती... मुलीचा बाप त्याच्या ओळखीतला. ती खिडकीबाहेर बघत होती. मला वेगळंच कुतूहल. मी विचारलं, सगळ्यांनी गावं आणि नाव कुणाला माहीत नसावं हे बरं, की चार जणांनी गावं पण नावासकट? मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "दोनों चाहिए." तेवढंच. हावरट होती, आणि मला ते आवडलं.

ती गेल्यानंतर जम्मूहून एका मासिकाच्या संपादकाचा अशोकला फोन आला. तिच्यावर अंक काढणार होते आणि त्यांना तिचे अखेरचे शब्द हवे होते. अशोक माझ्याकडे येऊन बसला. तोंड उतरलेलं. म्हणाला, "मौसी जी, वो पूछा नहीं वाली लाइन... लिख दूँ कि जाते वक्त वही कहा? आप हाँ कह दीजिए बस."

मी म्हटलं, "नाही."

"लाइन तो उन्हीं की है."

"ओळ तिची आहे, त्या वेळची नाही. तिने न म्हटलेलं तिच्या तोंडी घालायचं, आणि तेही तिच्या मुलाने? कडवं गाळलं म्हणून ती जन्मभर भांडली. तू आता जोडायला निघालास?"

त्याने हळूच विचारलं, "तो कहा क्या था उन्होंने?"

"म्हणाली, गवार जून आहे, दुकानदाराने तुला गंडवलं."

अशोक हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मी रडू दिलं. चहा केला. हेच कळव त्यांना, असं त्याला सांगितलं. त्याने काय कळवलं मला ठाऊक नाही. अंकात छापून आलं की ती घरच्यांच्या सहवासात, कविता ओठांवर असताना शांतपणे गेली. अशोकनेच मला ते वाचून दाखवलं, मान खाली घालून.

म्हणून मी हे लिहिलं. अशोक त्या वेळी बँकेत होता, सून शाळेत होती. तिच्यापाशी मी होते, आणि दुसरं कोणी नव्हतं.